सरावाचं पदक

मी कवळ्या बनवते. आमची लॅब दवाखान्याच्या मागच्याच खोलीत आहे, त्यामुळे गिऱ्हाईक तोंडासकट समोर येतं. प्लॅस्टरचे साचे, मेण, स्पिरिटचा दिवा, घासायचं यंत्र आणि फळीवर ओळीनं मांडलेले परक्यांचे जबडे यांच्यात माझा दिवस जातो. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," ही म्हण रोज एकदा तरी कानावर पडते. म्हणणाऱ्याला वाटतं, ती त्यालाच सुचली. मी हसते. हसणं पगारातच धरलेलं आहे.

बाबांना राष्ट्रीय सन्मान जाहीर झाल्याचा फोन आला, तेव्हा मात्र ही म्हण मला शिवीसारखी आठवली.

लढाई संपून पन्नास वर्षं होऊन गेली होती. बाबा तेव्हा फौजेत ड्रायव्हर होते, पाण्याचा टँकर चालवायचे. वरच्या चौक्यांवर पाण्याचा थेंब नव्हता. खालून टँकर पोचला तर तिथली माणसं पाणी प्यायची, नाही पोचला तर बंदूक धरून ओठ चाटत बसायची. रस्ता समोरच्या डोंगरावरून लख्ख दिसायचा, आणि टँकर ही काही पदराआड लपवायची वस्तू नाही. लढाई जिंकल्यावर बंदूकवाल्यांना पदकं मिळाली, तोफवाल्यांना मिळाली, तंबूत बसून नकाशे काढणाऱ्यांनाही मिळाली. पाणीवाल्यांच्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. आता इतक्या वर्षांनी कुठल्याशा समितीला साक्षात्कार झाला होता की लढणाऱ्या माणसालासुद्धा तहान लागते.

"बैल गेला आणि झोपा केला," मी जेवताना म्हणाले. "आता काय करायचंय त्या पदकाचं? कवळीला लावायचं?"

"तुला सगळ्यातच खोट दिसते," दादा म्हणाला. दादा माझा थोरला भाऊ, विम्याच्या कचेरीत साहेब आहे आणि घरातही साहेबच असतो. "उशिरा का होईना, देतायत ना? नाही दिलं असतं तर काय केलं असतंस?"

"नाही दिलं असतं तर निदान त्यांना लाज वाटायला जागा राहिली असती. आता टाळ्या वाजवून मोकळे होतील."

"मग नको म्हणून कळवू?"

"मी कुठं नको म्हणाले? मी उशीर म्हणाले."

बाबा मुकाट्यानं भाकरीचा तुकडा चावत होते. कवळी माझ्याच हातची, त्यामुळे ते चावताना माझं लक्ष असतंच. तुकडा गिळून झाल्यावर ते म्हणाले, "भांडू नका. मी जाणार. मला तिथं एक बोलायचंय."

"काय बोलायचंय, बाबा?"

"नळ्याचं."

नळ्या कोण, हे आमच्या घरात पाळण्यापासून सगळ्यांना माहीत आहे. टँकरवर बाबांच्या जोडीला एक पोरगेलासा मदतनीस असायचा. नळी धरायचा, म्हणून नळ्या. खरं काम त्याचं वेगळंच होतं. गोळ्या लागून टाकीला भोकं पडायची आणि पाणी पिचकाऱ्या मारत बाहेर यायचं. नळ्याच्या खिशात लाकडाच्या खुंट्या असायच्या, फावल्या वेळात त्यानं स्वतः तासलेल्या. चालत्या टँकरवर चढून तो त्या भोकांत ठोकायचा. बाबा आत बसून गाडी हाकायचे आणि डोक्यावर ठकठक ऐकू आली की समजायचे, भोक बुजलं. एका खेपेला ठकठक मधेच थांबली. बाबांनी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर दोघंही गेले असते आणि पाणीही गेलं असतं. वर चौकीवर पोचल्यावर ते उतरले आणि टाकीवर चढले. पुढचं ते सांगत नाहीत.

नळ्या शिपाई नव्हता, हंगामी माणूस होता. त्यामुळे तो हुतात्म्यांच्या दगडावर नाही, जखमींत नाही, कशातच नाही. त्याची बायको, आमच्या काकू, तरुणपणापासून कचेऱ्यांचे जिने चढत राहिल्या आणि गुडघे गेल्यावर थांबल्या.

"साहेब समोर येतील तेव्हा त्यांना सांगायचं," बाबा म्हणाले. "मला देताय ते ठीक. त्यालाही द्या. एवढंच. एका वाक्याचं काम आहे."

एका वाक्याचंच काम होतं, पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत टिकायला हवं होतं. दिवस कलला की बाबांचं डोकंही कलतं. सकाळी ते लखलखीत असतात, पेपर वाचतात, माझ्या लॅबची चौकशी करतात, दादाला गाडी कशी लावावी ते शिकवतात. उन्हं उतरायला लागली की घाबरेघुबरे होतात. मला ओळखत नाहीत. टाकी भरली का म्हणून विचारतात, खिसे चाचपत खुंट्या शोधतात. मी त्यांच्या हातात पेन्सिलींचे तुकडे देते, मग जरा निवांत होतात. आणि कार्यक्रम होता संध्याकाळी.

म्हणून मी त्या कचेरीत गेले. कार्यक्रमाची व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्या साहेबांच्या शर्टाला अशी इस्त्री होती की बाहीच्या घडीवर बोट ठेवलं तर कापावं. मी मनातल्या मनात त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं. टेबलावरची काचही तशीच, एक कागद इकडचा तिकडे नाही.

"कार्यक्रम सकाळी ठेवता येईल का?" मी विचारलं.

"प्रमुख पाहुण्यांना संध्याकाळचीच वेळ सोयीची आहे, मॅडम."

"पण सत्कार ज्यांचा आहे, त्यांना संध्याकाळी भान नसतं. माझ्याच वडिलांचं नाही सांगत. या वयात बऱ्याच जणांचं असं होतं. कोणत्याही डॉक्टरला विचारा."

"मॅडम, भान असण्याची अट नाहीये," ते अगदी समजुतीनं म्हणाले. "हयात असण्याची आहे."

मी हातातली पिशवी घट्ट धरली, नाहीतर ती काचेवर गेली असती. मग नळ्याचा विषय काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे शिपाई नव्हते. शिवाय हयात नाहीत. दोन्ही बाजूंनी बसत नाही."

"हयात नाहीत ते टँकरवर मेले म्हणून."

"मी समजू शकतो."

समजू शकतो! हे वाक्य ज्यानं शोधून काढलं त्याला मला एकदा खुर्चीत बसवून दाढेचं माप घ्यायचं आहे.

निघताना त्यांनी मोठ्या मनानं कपाटातून एक मखमली डबी काढून पदक दाखवलं. चांगलं जड होतं. पितळेचं असावं, वर सोनेरी मुलामा. मी उलटं करून पाहिलं तर मागे कोरंच.

"नाव नाही कोरायचं?"

"नाही. सगळी एकसारखी. काय होतं, वयोवृद्ध मंडळी आहेत. ऐन वेळी कोणी… म्हणजे, येऊ शकलं नाही, तर ते दुसऱ्याला देता येतं. वाया जात नाही." मग जरा थांबून, "आणि हो, मंचावर कृपया कोणी बोलायचं नाही. पदक, नमस्कार, फोटो आणि पुढे. त्याच दिवशी सकाळी रंगीत तालीम आहे, तिला जरूर आणा. म्हणजे संध्याकाळी गोंधळ होणार नाही."

घरी येऊन मी बाबांना काहीच सांगितलं नाही. ते आरशासमोर उभे राहून वाक्य पाठ करत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दादा गाडी घेऊन आला. बाबांनी कोट घातला होता, आत स्वेटर. दादा दार उघडून मोठ्यानं म्हणाला, "चला बाबा, आज तुमचा दिवस!" घोळ तिथंच झाला. दादाचं तसं काही चुकलं नाही. दिवस बाबांचाच होता, फक्त वेळ चुकीची होती.

हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा, मंचावर फुलांच्या कुंड्या, जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या फुल्या. इथं उभं राहायचं, इथं वळायचं, इथून उतरायचं. पहिल्या रांगेत सगळी म्हातारी मंडळी बसवलेली. सवयीनं माझी नजर त्यांच्या तोंडांवरून फिरली. निम्म्यांच्या कवळ्या सैल होत्या. एकाची तर वरची नव्हतीच, आणि त्याचं हसू सगळ्यांत मोठं होतं. फोटोवाला दिवे लावून पाहत होता. वाजंत्रीवाले एकच तुकडा परतपरत वाजवत होते. आणि मंचावर मधोमध, काळा कोट घालून, कचेरीचा स्टोअरकीपर उभा होता. त्याची उंची प्रमुख पाहुण्यांइतकीच आहे म्हणून कॅमेऱ्याच्या सोयीसाठी त्याला उभं केलं होतं. कोट दुसऱ्याच कोणाचा तरी होता आणि तो सारखा बाह्या ओढत होता.

सरावासाठी पदकही वेगळं होतं. पत्र्याची एक चकती, तिला रिबन, मागे पिन. एकच. लावायची, फोटो, काढायची, पुढच्याला लावायची.

मी मागे लागून बाबांचा नंबर पहिला लावून घेतला होता, संध्याकाळी त्यांचं भान जायच्या आत उरकावं म्हणून. त्यामुळे तालमीतही पहिले बाबाच. नाव पुकारलं गेलं. ते उठले, काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि पायऱ्या चढून बरोबर फुलीवर जाऊन उभे राहिले. इतके ताठ मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. स्टोअरकीपरनं चकती कोटाला लावायला हात पुढे केला, तर बाबांनी कोटाची बटणं सोडली आणि स्वेटरवरची जागा दाखवली, काळजाच्या बाजूची. त्यानं तिथं लावली. दिवा चमकला.

"पुढे, पुढे," इस्त्रीसाहेब खालून दबक्या आवाजात म्हणाले.

बाबा हलले नाहीत. "साहेब," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "माझ्याबरोबर टँकरवर एक मुलगा होता. गोळ्यांनी पडलेली भोकं तो बुजवायचा. ते करतानाच तो गेला. मी फक्त गाडी चालवली. मला दिलंत, त्यालाही द्या. तो शिपाई नव्हता म्हणतात. पण वर पाणी पोचलं ते त्याच्यामुळे."

एक शब्द मागेपुढे झाला नाही. एक अडखळ नाही. पन्नास वर्षं घासूनपुसून ठेवलेलं ते बोलणं होतं. आणि ते त्यांनी सांगितलं ते कुलुपं, फायली आणि झाडू सांभाळणाऱ्या माणसाला.

तो बिचारा गांगरला. खाली इस्त्रीसाहेबांकडे पाहिलं. ते हातानं गोल गोल खुणा करत होते, आटप, आटप. मागची रांग चुळबुळत होती. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होईल, आजोबा. संध्याकाळी होईल सगळं."

त्याचाही दोष नाही. दुसरं काय म्हणणार होता? बाबांनी खणखणीत सलाम ठोकला, कोटाची बटणं लावली आणि मंचावरून उतरले. चकतीसकट.

"अहो, ते पदक!" इस्त्रीसाहेब धावले. "आजोबा, ते परत द्यायचं असतं."

"लावलेलं पदक परत द्यायचं?" बाबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुठल्या पलटणीचे तुम्ही?"

मी त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, ही रंगीत तालीम आहे. खरा कार्यक्रम संध्याकाळी."

"तालीम नाटकाची असते, बाई. पदकाची कसली तालीम?" ते हसले. "संध्याकाळी काय आहे ते मला माहीत आहे. संध्याकाळी नळ्याचं आहे. साहेबांनी शब्द दिलाय, तू ऐकलास ना?"

माझ्या लॅबमध्ये हे नेहमी होतं. खरी कवळी करण्याआधी मेणाची करून तोंडात घालून बघतात. एका आजीनं ती काढूनच दिली नाही. मला हीच बरी बसते म्हणाली आणि तोंड मिटून घरी चालती झाली. त्या गोष्टीवर मी महिनाभर हसले होते. त्या सकाळी हसू आलं नाही. बाकीच्या मंडळींची तालीम स्टोअरकीपरच्या ओळखपत्रावर उरकली. एक आजोबा ते गळ्यात घालून बराच वेळ स्वतःकडे बघत बसले होते.

मला कोणाचा राग येत होता ते सांगते. इस्त्रीसाहेबांचा नाही, ते नियमाचे गडी. दादाचा थोडा. खरा राग आला तो त्या सकाळचा. हॉल तयार होता, दिवे तयार होते, फोटोवाला तयार होता, बाबा तर पन्नास वर्षं तयार होते. फक्त देणारा आला नव्हता.

संध्याकाळी तो आलाच, पण उशिरानं. उशीर हा त्यांचा घराण्याचा धर्म असावा. आम्ही वेळेवर जाऊन बसलो. दादानं सासरची मंडळी, कचेरीतले दोन साहेब आणि त्यांच्या बायका यांना बोलावलं होतं. खिडकीबाहेर उजेड विझत गेला आणि माझ्या शेजारी बाबाही. आधी त्यांनी पाय हलवायला सुरुवात केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "टाकी भरली का?"

"भरली, बाबा."

"तुम्ही कोण? चौकीवरचे का?"

मी पेन्सिलीचे तुकडे काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी एकेक मोजून खिशात टाकला. "कमी आहेत," म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, मी यांना घरी नेते," मी म्हणाले.

"वेड लागलंय का तुला? थोडा वेळ राहिलाय."

"त्यांना भीती वाटतेय. बघ जरा त्यांच्याकडे."

"अगं, आयुष्यभर वाट बघितली त्यांनी, आणि दारात येऊन मागे फिरायचं? उद्या सकाळी विचारतील, काल काय झालं म्हणून. काय सांगशील?"

मला सगळ्यात जास्त चीड येते ती दादाचं बरोबर असतं तेव्हा.

शेवटी वाजंत्री वाजली, सगळे उभे राहिले, प्रमुख पाहुणे आले. उंचीला खरंच स्टोअरकीपरइतके, कोट मात्र स्वतःचा. भाषणात त्यांनी 'कृतज्ञ' हा शब्द इतक्यांदा वापरला की तो पार गुळगुळीत झाला. मग नाव पुकारलं. बाबा उठेनात. मी आणि दादानं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना मंचावर नेलं आणि फुलीवर उभं केलं. फुली दिसत नव्हती, वर गालिचा अंथरला होता. दिव्यांनी त्यांचे डोळे दिपले होते.

पाहुण्यांनी डबीतून पदक काढलं, कोटाला लावलं, रिकामी डबी दादाकडे दिली. "अभिनंदन, अभिनंदन," ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. फोटो झाला. मी बाबांना वळवायला लागले.

बाबांनी पाहुण्यांची बाही धरली.

इस्त्रीसाहेब दोन पायऱ्या चढून आले. बाबा त्या माणसाच्या उंचीकडे, त्याच्या काळ्या कोटाकडे निरखून बघत होते. काहीतरी जुळत होतं.

"साहेब," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "तुम्ही शब्द पाळलात. हे नळ्याचं ना?"

पाहुण्यांना ओ की ठो कळलं नसणार. पण बाही सुटायला हवी होती आणि कॅमेरे चालू होते. "हो, हो," ते हसून म्हणाले. "अगदी."

बाबांनी बाही सोडली. कोटावरचं पदक काढलं, पेन्सिलींच्या खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला. टाळ्या पडल्या. गाडीत बसेपर्यंत तो हात तसाच होता, आणि घरी पोचेस्तोवर त्यांनी एकदाही टाकीची चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा बाबा दाढी करून, बूट घालून तयार होते. स्वेटरवर पत्र्याची चकती. जड पदक डबीत, डबी टेबलावर.

"वहिनींकडे जाऊन येऊ," ते म्हणाले. "उन्हं चढायच्या आत."

दादा कालपासून आमच्याकडेच होता. त्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू त्यांना सांगणार आहेस की नाही?"

"काय सांगू?"

"की छातीवरची ती पत्र्याची आहे! आणि सरकारनं दिलेलं खरं पदक ते दुसऱ्याच्या घरी नेऊन टाकतायत! माझ्या पोरांनी उद्या काय दाखवायचं, चकती?"

"फोटो आहे ना. तो दाखव."

"तुला गंमत सुचतेय. अगं, त्यांचा हक्क आहे तो. तूच म्हणत होतीस ना, उशीर झाला, उशीर झाला. आता मिळालंय तर देऊन टाकायचं?"

इथं परत दादाचं बरोबर होतं. हक्क त्यांचाच होता. मी बाहेर आले. बाबा खिडकीशी बसले होते, पेपर वाचून झाला होता, डोळे स्वच्छ. यापेक्षा चांगली वेळ दिवसभरात पुन्हा येणार नव्हती.

"बाबा, काल सकाळी…"

"काल सकाळी काय?"

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना मी कोण ते माहीत होतं, आज वार कोणता ते माहीत होतं, नळ्याचं काम झालं हे माहीत होतं.

"काल सकाळी तुम्ही फार ऐटबाज दिसत होतात," मी म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. इस्त्रीसाहेब. "मॅडम, ते सरावाचं पदक आपल्याकडेच राहिलंय. आजच पाठवा, प्लीज. पुढच्या कार्यक्रमाला लागतं."

"पाठवू की," मी म्हणाले. "तुम्ही जेवढा वेळ घेतलात, तेवढाच आम्ही घेऊ." आणि फोन ठेवला. दादा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग गाडीची किल्ली उचलून माझ्या हातात दिली, स्वतः आला मात्र नाही.

काकू गावाच्या पलीकडच्या टोकाला लेकीकडे राहतात. खाली किराणा दुकान, वर दोन खोल्या. जिना चढताना बाबांना दम लागला, पण डबी त्यांनी माझ्या हातात दिली नाही. काकू खाटेवर बसून वाटाणे सोलत होत्या. बाबांना बघून त्यांनी पदर सावरला.

"भाऊजी, इतक्या सकाळी?"

"वहिनी, नळ्याचं आणलंय." बाबांनी डबी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली, वाटाण्यांच्या सालांवर. "सरकारनं दिलं. काल समारंभात. मी त्याच्या वतीनं घेतलं."

काकूंनी ते लगेच हातात घेतलं नाही. आधी हात पुसले. मग उचललं, तळहातावर जोखलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मागं नाव नव्हतं याबद्दल मी जन्मात पहिल्यांदा त्या कचेरीची आभारी होते. मग काकूंची नजर बाबांच्या स्वेटरवर गेली.

"तुमचं वेगळं दिसतंय, भाऊजी. हलकं."

मी वाटाण्याची एक शेंग उचलून सोलायला लागले.

"असणारच," बाबा म्हणाले. "मी आत बसायचो. तो वर उभा राहायचा."

बाबा पाणी पिऊन गॅलरीत गेले, खालची रहदारी बघायला. कोण कुठं गाडी लावतंय यावर त्यांचं लक्ष गेलं. काकूंनी माझं मनगट धरलं आणि मला जवळ ओढलं. म्हाताऱ्या असल्या तरी पकड पक्की होती.

"तू खरं सांग," त्या हळू म्हणाल्या. "भाऊजींचं आताशा कमीजास्त होतं, मला ठाऊक आहे. हे खरंच सरकारनं दिलंय? त्याच्यासाठी?"

काय काय आलं माझ्या तोंडापर्यंत! की सरकारला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. की दोन्ही बाजूंनी तो बसत नाही. की समजू शकतो म्हणाले. की हे एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचं आहे, आणि त्यानं स्वतःसाठी पत्रा ठेवलाय. ज्यांनी हिला जिने चढायला लावून हिचे गुडघे घालवले, त्यांच्या पदरात या घडीला एवढं मोठं पुण्य मी का टाकू? फुकट?

"म्हणजे मानलं त्यांनी?" काकू म्हणाल्या. "शिपाई होता, असं मानलं?"

गॅलरीतून बाबांनी वळून आमच्याकडे पाहिलं.

"हो, काकू," मी म्हणाले. "मानलं."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि डोळे पुसले. "उशीर केला मेल्यांनी," त्या म्हणाल्या. "पण विसरले नाहीत हो."